नाव सोडून सगळं सामाईक

१९८८ सालचा एक कॉम्प्युटर डोळ्यांपुढे आणा. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचा सन-३/५०. ४ एमबी मेमरी, भला थोरला मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि मागून निघालेली नेटवर्कची केबल. डिस्क? नाही. बिघडली म्हणून काढलेली नाही, मुळात बसवलेलीच नाही. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नाही, प्रोग्राम नाहीत, फाइली नाहीत, सेटिंग्ज नाहीत. वीज गेली की या यंत्राची पाटी कोरी. तरीही सकाळी कुणीतरी येऊन बटण दाबतं आणि थोड्या वेळात पडद्यावर युनिक्स उभं राहतं, तेही यंत्राच्या स्वतःच्या नावानिशी. शेजारच्या टेबलावर हुबेहूब तसंच दुसरं यंत्र असतं. त्याच्यावर त्याचं नाव येतं. या दोघांची कधी गल्लत होत नाही.

हे जमतं कसं?

पाटी कोरी म्हटलं खरं, पण अगदीच कोरी नाही. आत एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात ३२ बाइट माहिती. वीज असो वा नसो, ती पुसली जात नाही. त्या ३२ मधल्या ६ बाइटमध्ये या यंत्राचा इथरनेट पत्ता असतो. पहिले तीन बाइट कंपनीचे, सनच्या बाबतीत ०८:००:२०. उरलेले तीन त्या एका यंत्राचे. एकूण ४८ बिट. एवढ्यात साधारण २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते बसतात, त्यामुळे जगात कुणाचा पत्ता कुणाशी जुळायचं कारण नाही. यंत्राजवळ स्वतःची म्हणावी अशी पुंजी एवढीच.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते पाहा. यंत्र केबलवर हाक देतं. कुणाला? सगळ्यांना, कारण कोण कुठे आहे हे त्याला ठाऊकच नाही. हाक अशी: ‘माझा इथरनेट पत्ता अमुक. माझा आयपी पत्ता काय, कुणी सांगेल का?’ एरवी नेटवर्कवर आपण दुसऱ्याचा पत्ता विचारतो. हे यंत्र स्वतःचाच विचारतं! हा उलटा प्रश्न कसा विचारायचा याचे नियम स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चौघांनी जून १९८४ मध्ये लिहून काढले. त्यांना आरएआरपी म्हणतात. नेटवर्कवरचा सर्व्हर ही हाक ऐकतो आणि दोन साध्या मजकुराच्या फाइली उघडतो. एकीत इथरनेट पत्त्यासमोर नाव, दुसरीत नावासमोर आयपी पत्ता. ओळ सापडली की उत्तर जातं: ‘तुझा पत्ता १२९.१४४.५०.५.’

आता यंत्राला स्वतःचा पत्ता कळला, पण चालवायला प्रोग्राम नाही. तो मागायचा तर फाइलचं नाव सांगायला हवं, आणि ते कुठून आणायचं? इथे जी युक्ती केली आहे ती वाचली तेव्हा मी अक्षरशः हसलो. यंत्र आपला आयपी पत्ता सोळाच्या पायाने लिहितं. १२९ म्हणजे आठ सोळे आणि एक: ८१. १४४ म्हणजे नऊ सोळे: ९०. ५० म्हणजे तीन सोळे आणि दोन: ३२. ५ म्हणजे ०५. झालं फाइलचं नाव: ८१९०३२०५. सर्व्हरवर या नावाची फाइल खरोखरच ठेवलेली असते. म्हणजे स्वतःचा पत्ता हेच फाइलचं नाव, वेगळं काही लक्षात ठेवायलाच नको. आणखी एक गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा खरी फाइलही नसते, नुसती लिंक असते. नेटवर्कवर अशी तीस यंत्रं असली, तर तीसही यंत्रांच्या तीस नावांच्या लिंका एकाच बूट प्रोग्रामकडे बोट दाखवत असतात. नावं तीस, वस्तू एक. सगळी हकीकत इथे बीजरूपात आलीच.

बूट प्रोग्राम चालू झाला की तो पुन्हा सर्व्हरला विचारतो. या विनंतीचं अधिकृत नाव इंग्रजीत शब्दशः ‘मी कोण?’ असंच आहे. कोऽहम् म्हणून माणसं हिमालयात जातात. हे यंत्र दर सकाळी विचारतं आणि क्षणात उत्तर घेऊन कामाला लागतं. उत्तरात यंत्राचं नाव येतं. मग पुढचा प्रश्न: ‘माझी मूळ डिरेक्टरी कुठे आहे?’ सर्व्हर आपल्या डिस्कवरची एक जागा सांगतो. ती जागा नेटवर्कवरून जोडली जाते, तिच्यातून कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, येतो आणि यंत्र जागं होतं. मेमरी अपुरी पडली तर जादा मजकूर ठेवायची स्वॅपची जागासुद्धा केबलच्या पलीकडे, सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये असते!

एवढा खटाटोप कशासाठी? सरळ कारण असं की त्या काळी डिस्क महाग होती. पण त्याहून मोठं कारण माणसांच्या वेळेचं. तीस यंत्रांवर तीस डिस्का म्हणजे एक प्रोग्राम बदलायचा तर तीसदा बदलायचा, आणि त्यात दोन-तीन यंत्रं हमखास सुटायची. सन ही कंपनीच नेटवर्कच्या वेडातून निघाली होती. तिच्या नावातली अक्षरं मुळात ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ची आहेत. १९८२ मध्ये ती काढणाऱ्या चौघांतले विनोद खोसला जन्माने पुण्याचे. दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरू देणारी एनएफएस ही सोय याच कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास आणली. तिच्या जोरावर तीस यंत्रांना एकच प्रोग्रामांचा साठा वापरता येणार होता.

पण साठा एकच करायचा म्हणजे नेमकं काय काय सामाईक करायचं? इथे खरी कसोटी लागली.

युनिक्समध्ये ‘यूएसआर’ नावाची एक मोठी डिरेक्टरी असते. मुळात बेल लॅब्समध्ये ती वापरकर्त्यांच्या खासगी फाइलींसाठी होती. पहिली डिस्क भरल्यावर प्रोग्राम तिच्यात सांडले आणि तिथेच राहिले. १९८० च्या दशकापर्यंत तिच्यात सगळ्याची खिचडी झाली होती: प्रोग्राम, मदतीची पानं, छपाईची रांग, आलेली टपाल-पत्रं, यंत्राच्या रोजच्या नोंदी, तात्पुरत्या फाइली. एका यंत्रापुरतं हे ठीक. पण हीच डिरेक्टरी तीस यंत्रांनी मिळून वापरली तर? तिसांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये एकमेकींवर लिहिल्या जाणार. एकाची छपाईची रांग दुसऱ्याला आपलीच वाटणार. बिघाड नक्की कोणत्या यंत्रात झाला, हे शोधताना अ‍ॅडमिनच्या तोंडाला फेस येणार.

१९८८ मध्ये आलेल्या सनच्या युनिक्सने, सनओएस ४.० ने, यातून एक रेघ ओढली. जे चालता चालता बदलतं ते सगळं उचलून ‘व्हार’ नावाच्या नव्या डिरेक्टरीत नेलं, आणि ती प्रत्येक यंत्राची वेगळी. यूएसआरमध्ये उरलं ते फक्त न बदलणारं. आणि जे बदलत नाही त्यावर लिहू तरी कशाला द्यायचं? ते फक्त वाचण्यापुरतं जोडलं की काम झालं. सर्व्हरवर एकदा नवा प्रोग्राम टाकला की तिसांवर तो त्याच क्षणी दिसतो, आणि तिसांपैकी कुणालाही तो बिघडवता येत नाही. जुन्या प्रोग्रामांना जुन्याच जागा ठाऊक होत्या, म्हणून तिथे नव्या जागेकडे नेणाऱ्या लिंका ठेवल्या. प्रोग्रामांना पत्ताही लागला नाही.

कॉम्प्युटरच्या इतिहासात डिरेक्टरीचं नाव बदलण्याला कोण विचारतो? पण मला विचाराल तर ही रेघ एखाद्या नव्या चिपइतकीच मोलाची आहे. कारण ती ओढल्यावर दिसलं, की फाइलींना दोन वेगळेच प्रश्न विचारायला हवेत. ही बदलते का? आणि ही दुसऱ्याला देता येते का? हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले नाहीत. प्रोग्राम बदलत नाहीत आणि देता येतात. टपाल सतत बदलतं, पण ते एका जागी ठेवून सगळ्यांना देता येतं. बूट होण्यापुरत्या लागणाऱ्या फाइली फारशा बदलत नाहीत, पण त्या ज्याच्या त्याच्या. आणि ‘हा प्रोग्राम आत्ता चालू आहे’ अशी खूण सतत बदलते आणि दुसऱ्याच्या काडीच्या उपयोगाची नसते. लिनक्सच्या मंडळींनी १९९४ मध्ये फाइलींच्या जागांचं प्रमाण ठरवायला घेतलं आणि पुढे त्या प्रमाणात हा चार घरांचा तक्ता सरळ छापून टाकला.

सनपुढे आणखी एक पेच होता. १९८७ मध्ये कंपनीची स्पार्क नावाची नवी चिप आली. जुन्या मोटोरोला चिपचे प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत, पण मदतीची पानं मात्र दोघांची तीच. म्हणून यूएसआरच्याही आत चिपनुसार वेगळं आणि चिपशी संबंध नसलेलं, अशी वाटणी झाली. सामाईकपणालाही पायऱ्या असतात तर!

हे सगळं जुनंपुराणं वाटतंय? मग तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन काढा. त्यात मूळ सिस्टीमचा भाग फक्त वाचण्यापुरता असतो, आणि तुमचे फोटो, निरोप, सेटिंग्ज यांचा भाग वेगळा. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर फोन नव्यासारखा होतो तो याच वाटणीमुळे. दुसरा भाग पुसला की काम झालं. अ‍ॅपलनेही २०१९ पासून मॅकमध्ये सिस्टीमचा भाग वेगळा काढून त्यावर लिहायला बंदी घातली. तिथे नेटवर्कवरची तीस यंत्रं नाहीत, तरी रेघ तीच.

आता एक चिवट डिरेक्टरी उरली: ‘ईटीसी’. सेटिंग्जचं हे माहेरघर. इथे सगळ्यांना सारखं हवं ते आणि ज्याचं त्याचं असावं ते, अगदी खेटून बसलेलं असतं. वापरकर्त्यांची यादी सगळीकडे तीच हवी. नाहीतर तुम्ही एका यंत्रावर आहात आणि शेजारच्यावर नाहीत. पण यंत्राचं स्वतःचं नाव? तेही याच डिरेक्टरीत. डिरेक्टरी अख्खी दिली तर ओळखही दिली गेली. नाही दिली तर तीस ठिकाणी तीच यादी टंकत बसा.

सनचा यावरचा तोडगा १९८५ चा, नाव ‘यलो पेजेस’. हे नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढे ‘एनआयएस’ म्हणावं लागलं. आज्ञांच्या सुरुवातीची ‘वायपी’ ही अक्षरं मात्र आजही तशीच आहेत. तोडगा असा: वापरकर्त्यांची यादी यंत्रावर असतेच, पण अगदी छोटी. चार-दोन स्थानिक नावं आणि शेवटच्या ओळीत एक अधिकचं चिन्ह. बस. त्या ‘+’ चा अर्थ ‘बाकीचे नेटवर्कला विचारा’. आपलं कुठे संपतं आणि सामाईक कुठे सुरू होतं, याची सीमारेषा म्हणजे फाइलमधलं एक अक्षर!

आणि तेवढंच अक्षर गळ्याशी येऊ शकत असे. एखाद्या यंत्रावर एनआयएस चालूच नाही आणि ती ओळ मात्र राहून गेली असं समजा. आता ‘+’ चा खास अर्थ कुणालाच ठाऊक नाही. मग यंत्र ती ओळ इतर ओळींसारखीच वाचतं: ‘+’ नावाचा एक वापरकर्ता, पासवर्ड रिकामा, क्रमांक शून्य. युनिक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी. नाव विचारलं की अधिकचं चिन्ह दाबायचं आणि मालक व्हायचं. त्या काळच्या सुरक्षेच्या पुस्तकांत ही ओळ तपासायची ताकीद असे ती उगाच नाही.

इतरांनी इतर वाटा काढल्या. ह्यूलेट-पॅकार्डच्या युनिक्समध्ये एक विलक्षण सोय होती: एकच मार्ग, एकच फाइलचं नाव, पण विचारणारं यंत्र कोणतं यावरून आत वेगळाच मजकूर. फाइलच्या नावाआड एक लपलेली डिरेक्टरी असे आणि तिच्यात प्रत्येक यंत्राच्या नावाची एक प्रत. कल्पना भन्नाट, पण डोळ्यांना एक फाइल दिसते आणि प्रत्यक्षात दहा असतात, हे सांभाळणाऱ्यांना जड गेलं असणार. पुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढूनच टाकली.

मग १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठातल्या मार्क बर्जेस यांनी प्रश्नच उलटा केला. हे मूळचे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रातले. विभागातली नाना तऱ्हांची युनिक्स यंत्रं सांभाळायचं काम अंगावर आलं आणि त्यातून त्यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिलं. तोवर विचार असा की प्रत्येक यंत्राला त्याचं त्याचं वेगळं कॉन्फिगरेशन पाठवायचं. बर्जेस म्हणाले, सगळ्यांना सगळंच पाठवा. एकच फाइल, तीच सर्वांना, शब्दाचाही फरक नाही. मग यंत्रागणिक फरक कसा पडतो? फाइल वाचण्याआधी प्रत्येक यंत्र स्वतःकडे पाहून घेतं. मी लिनक्स की सोलारिस? माझं नाव काय, मी कोणत्या नेटवर्कवर? आज वार कोणता, किती वाजले? या उत्तरांतून ते आपण कोणकोणत्या वर्गात बसतो हे ठरवतं, आणि फाइलमधला आपल्या वर्गांना लागू तेवढाच मजकूर उचलतं. ‘लिनक्स आणि सोमवार’ असं लिहिलं असेल तर सोलारिसची यंत्रं पुढे सरकतात आणि लिनक्सवाली मंगळवारी पुढे सरकतात.

पाहिलंत काय झालं? ओळख कॉन्फिगरेशनमधून पार बाहेर पडली. फाइलमध्ये कुणा यंत्राचं नावही असायची गरज उरली नाही. पुढे २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. आज हजारो सर्व्हर चार माणसं सांभाळतात, त्यामागे ही मंडळी आहेत. तपशील निरनिराळे, पण यंत्राबद्दलची माहिती एकीकडे आणि सगळ्यांसाठीचे नियम दुसरीकडे, हा धागा सगळ्यांत आहे.

सामाईक भागाचा प्रश्न असा सुटत गेला. गंमत अशी की मग उरलेला इवलासा भाग, ती ओळख, जास्त त्रास देऊ लागली. कारण आता यंत्रंच खरी राहिली नाहीत. व्हर्च्युअल मशीन आली, म्हणजे एक अख्खं यंत्र एका फाइलमध्ये. आणि फाइल म्हटली की तिची प्रत निघणारच. एक यंत्र नीट तयार करायचं आणि त्याचे हवे तेवढे क्लोन काढायचे. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका लाखांनी छापल्या तरी बिघडत नाही, बिघडतं ते हॉल तिकिटाची झेरॉक्स काढून दहा जण वर्गात शिरले तर. अख्ख्या यंत्राची प्रत काढली की प्रश्नपत्रिकेसोबत हॉल तिकिटाचीही प्रत निघते, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ईटीसीमध्ये ‘मशीन-आयडी’ नावाची फाइल असते. तिच्यात एकच ओळ, ३२ अक्षरांची, १२८ बिटांची. पहिल्यांदा चालू होताना यंत्र ही ओळ स्वतःच ठरवतं. आता एखाद्या अ‍ॅडमिनने एका यंत्राचे पाच क्लोन काढले. तो सावध माणूस आहे, पाचांची नावं बदलतो. नेटवर्क कार्डांचे पत्तेही वेगळे आहेत, ते आपोआपच पडतात. पाचही चालू करतो, आणि पाहतो तर पाचांना एकच आयपी पत्ता! एकाशी बोलावं तर दुसराच उत्तर देतो. तो आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तपासतो, केबली तपासतो, डोकं धरून बसतो. दोष कुणाचा? पत्ता मागताना काही लिनक्स यंत्रं आपली खूण म्हणून कार्डाचा पत्ता देत नाहीत, मशीन-आयडीपासून बनवलेली खूण देतात. सर्व्हरला पाचदा एकच खूण दिसली, त्याने पाचदा तोच पत्ता दिला. बिचारा प्रामाणिकपणे वागला!

इलाज एका ओळीचा आहे. क्लोन काढण्याआधी मूळ यंत्रातली ती फाइल रिकामी करायची. मग प्रत्येक क्लोन पहिल्यांदा चालू झाल्यावर रिकामी जागा पाहतो आणि आपली आपण भरतो. नीट तयार केलेल्या इमेजमध्ये, म्हणजे क्लोन जिच्यावरून काढायचे त्या मूळ प्रतीत, काय काय आहे यापेक्षा तिच्यात काय काय नाही, याची यादी जास्त काळजीने करावी लागते.

त्या यादीत सगळ्यात वर असायला हवी एसएसएचची किल्ली. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. दूरच्या यंत्राशी कूटभाषेत बोलायची ही सोय आज जगभर रोज वापरली जाते. त्यात प्रत्येक यंत्राची एक खासगी किल्ली असते आणि ‘मी तोच आहे’ हे ते यंत्र तिच्या आधारे पटवून देतं. तीच किल्ली दहा क्लोनांत गेली की दहापैकी कुणीही कुणाचंही सोंग घेऊ शकतो. म्हणून ही किल्ली वाटता येत नाही, ती ज्या त्या यंत्राने जागच्या जागी घडवावी लागते. सामाईक ते बाहेरून येतं. ही तेवढी आतून यावी लागते.

आता विचारा, आतून म्हणजे नक्की कुठून? किल्ली घडवायला यदृच्छा लागते, म्हणजे कुणालाही वर्तवता येणार नाही असा आकडा. कॉम्प्युटर ती गोळा करतो कळा दाबण्यातल्या, डिस्क फिरण्यातल्या, नेटवर्कवरून पाकिटं येण्यातल्या अनियमित वेळांमधून. पण कारखान्यातून नुकताच आलेला, कीबोर्ड नाही, डिस्क नाही असा एखादा राउटर घ्या. पहिल्यांदा चालू होऊन त्याला काही सेकंदच झालेत. त्याच्या आयुष्यात अजून काही घडलेलंच नाही! आणि नेमकं तेव्हाच त्याला किल्ली घडवायची असते. शेजारच्या खोक्यातला राउटरही अगदी त्याच स्थितीत. दोघांचा ‘यादृच्छिक’ आकडा सारखाच निघाला तर नवल काय?

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हे अख्ख्या इंटरनेटवर तपासून पाहिलं, आणि त्यांनी वापरलेलं हत्यार कोणतं, तर मसावि. होय, शाळेतला मसावि! आरएसए प्रकारची किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार सगळ्यांना दिसतो, अवयव गुप्त. तीनशे आकडी संख्येचे अवयव पाडणं आजच्या कॉम्प्युटरांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून किल्ली सुरक्षित. छोट्या आकड्यांत करून पाहा: १५१७ चे अवयव सांगा. ३ ने जात नाही, ७ ने नाही, ११, १३, १७... कागद भरत जातो. आता सोबत दुसऱ्या यंत्राची किल्ली घ्या, १५९१. दोघींची वजाबाकी ७४. १५१७ ला ७४ ने भागा, बाकी ३७. ७४ ला ३७ ने भागा, बाकी शून्य. मसावि ३७! म्हणजे १५१७ बरोबर ३७ गुणिले ४१, आणि १५९१ बरोबर ३७ गुणिले ४३. एकेकटी अभेद्य असलेली दोन कुलपं शेजारी ठेवताच दोन भागाकारांत उघडली, कारण दोन्हींत एक मूळ संख्या सामाईक होती.

पण दोन यंत्रांची एकच मूळ संख्या सारखी आणि दुसरी वेगळी, असं कशाने होतं? आधीची स्थिती सारखी, म्हणून पहिली संख्या सारखी निघाली. ती शोधण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात एका यंत्राच्या घड्याळात पुढचा सेकंद पडला, दुसऱ्याच्या नाही. घड्याळातली वेळ यदृच्छेत मिसळली जाते, म्हणून दुसरी संख्या वेगळी. एका सेकंदाच्या त्या फरकानेच घात केला. दोन्ही संख्या सारख्या असत्या तर मसाविला काही हाती लागलं नसतं!

संशोधकांनी लाखो किल्ल्यांचे असे मसावि एका चलाख रीतीने काही तासांत काढले. वेबवर कूटभाषेत बोलणाऱ्या यंत्रांपैकी दर २०० मागे साधारण एकाची खासगी किल्ली त्यांच्या हाती आली. बँकांचे मोठे सर्व्हर त्यात नव्हते. बहुतेक राउटर, फायरवॉल अशी कोपऱ्यात दिवा लुकलुकवत बसणारी खोकी होती. त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नलमध्ये यदृच्छा गोळा करायची रीत सुधारली गेली. २०१४ मध्ये तर ‘पुरेशी यदृच्छा जमेपर्यंत थांब’ असं प्रोग्रामला सांगणारी नवी विनंतीही आली.

ओळख आणि किल्ली हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते क्लाउडमध्ये. तिथे यंत्र सुरू होताना काय घडतं हे आता सांगायलाच हवं. यंत्र एका तयार इमेजमधून क्षणात उभं राहतं. नाव नाही, किल्ली नाही, मालक कोण ते ठाऊक नाही. ते एका ठरावीक पत्त्यावर चौकशी करतं: १६९.२५४.१६९.२५४. अ‍ॅमेझॉनची २००६ ची क्लाउड सेवा आणि नंतरच्या कित्येकींमध्ये हाच पत्ता. लाखो यंत्रं याच एका पत्त्यावर विचारतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं! कसं? सनच्या यंत्राला निदान आपला ४८ बिटांचा पत्ता तरी सांगता येत होता. इथे यंत्राने काहीच सांगायची गरज नाही. ते ज्या यंत्रसामग्रीवर चालतंय तिला हा प्रश्न कोणत्या आभासी तारेवरून आला हे दिसतं, आणि तेवढं पुरतं. ओळख यंत्राच्या बोलण्यावरून ठरत नाही, ते कुठे जोडलंय यावरून ठरते. उत्तरात एक क्रमांक येतो. यंत्रावरचा ‘क्लाउड-इनिट’ हा प्रोग्राम तो आधी लिहून ठेवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. जुळला तर नुसतं रीस्टार्ट झालेलं असतं. नाही जुळला तर यंत्र ओळखतं की आपण प्रत आहोत. मग नवं नाव घेतं आणि एसएसएचच्या नव्या किल्ल्या घडवतं.

पण ही सगळी सोय यंत्र सुरू होताना. चालू असतानाच त्याची प्रत काढली तर? व्हर्च्युअल मशीनचा चालता क्षण गोठवून ठेवता येतो आणि तोच क्षण दोन ठिकाणी पुढे चालू करता येतो. दोघांच्या मेमरीत तेच, दोघांच्या यदृच्छेच्या साठ्यातही तेच. पुढचा ‘गुप्त’ आकडा दोघं तोच काढणार, आणि दोघांपैकी कुणालाही आपण दोन झालो आहोत याचा पत्ता नाही. रीस्टार्ट झालंच नाही, मग तपासणार तरी कधी?

यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आपल्या व्हर्च्युअल मशीनांना १६ बाइटांचा एक आकडा दिला. तो यंत्राच्या आत दिसतो, पण बदलतो बाहेरून: गोठवलेली प्रत पुन्हा चालू केली की आकडा नवा. २०२२ मध्ये लिनक्सच्या ५.१८ या कर्नलमध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी हा आकडा वाचायची सोय घातली. आकडा बदलल्याची सूचना आली की कर्नल समजतो, आपली प्रत निघाली, आणि यदृच्छेचा साठा ताबडतोब नव्याने ढवळतो. त्यांच्याच वायरगार्ड या प्रोग्रामने तर सूचना येताच चालू संभाषणाच्या किल्ल्या फेकून नव्या घ्यायला सुरुवात केली. आता अडचण एवढीच, की प्रत जागी होणं आणि सूचना पोहोचणं यांच्या मधे क्षणाची एक फट राहते. त्या फटीत कुणी आकडा मागितला, तर दोन यंत्रं अजूनही तोच आकडा देऊ शकतात.